ओन्ली अ‍ॅकॅडमिक

मी नोकरीवर रुजू व्हायला गेले त्या सकाळी प्रयोगशाळेच्या सरांनी माझी फाईल उघडली. एम.एस्सी.चं सर्टिफिकेट दोन बोटांनी उचललं, काचेचं भांडं स्वच्छ आहे का बघावं तसं खिडकीच्या उजेडाकडं धरलं आणि परत फायलीत ठेवून दिलं.

"गोल्ड मेडल," ते म्हणाले. "बरंय. पण हे झालं अ‍ॅकॅडमिक. भांडी धुवायला येतात का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. पुढचा महिनाभर मी त्या प्रयोगशाळेत फ्लास्क आणि नळ्या धुतल्या. प्रयोगशाळा म्हणजे तालुक्याच्या गावातल्या सरकारी इमारतीच्या दोन खोल्या. आसपासच्या गावांतून बाटल्यांत पाणी यायचं. ते पिण्याजोगं आहे की नाही ते आम्ही तपासायचो आणि रिपोर्ट पाठवायचो. मी धुतलेला फ्लास्क सर तोंडासमोर धरून फिरवायचे आणि आतल्या काचेवर पाण्याचा एक थेंब जरी चिकटून राहिलेला दिसला तरी काही न बोलता माझ्याकडं परत द्यायचे. एकदा मी वैतागून विचारलं, "सर, एवढं कामून?" तेव्हा म्हणाले, "भांडं घाण असलं तर चांगलं पाणी वाईट दिसतंय. मग एका गावाची विहीर बंद होतीय. म्हून."

सर पंचावन्नच्या आसपासचे, टक्कल पडलेले, कपाळावर विभूतीची तीन बोटं, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मूळचे बीदरकडल्या हळ्ळीखेडचे. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालायच्या, शाळा उर्दूच्या सावलीत झालेली. त्यामुळं ते आकडे दखनी उर्दूत मोजायचे, रागवायचे कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत लिहायचे आणि माया आली तर मराठीत यायचे. बाईमाणूस कुणीही असो, आठ वर्षांची का ऐंशी वर्षांची, तिला ते 'अक्का' म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मीही अक्काच.

आणि तो शब्द. ज्याचा हाताला, पोटाला, तहानेला उपयोग नाही ते सगळं अ‍ॅकॅडमिक. ऑफिसातलं बंद पडलेलं घड्याळ अ‍ॅकॅडमिक. उद्घाटनाची संगमरवरी पाटी अ‍ॅकॅडमिक, कारण तिच्याखालच्या नळाला पाणी नव्हतं. वरून येणारी परिपत्रकं अ‍ॅकॅडमिक. त्यांच्या खिशात कुणीतरी भेट दिलेला कंगवा असायचा, टकलावर हात फिरवून तोही अ‍ॅकॅडमिक. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. त्यांच्या बायकोनं ज्वारीची भाकरी ताटात टाकत सांगितलं, "आमच्या लग्नात पाहुणे यायला उशीर झाला, मुहूर्त टळला. माझे वडील घाबरून गेलते. तर हे मंडपात उभं राहून म्हणाले, मुहूर्त काय, अ‍ॅकॅडमिक हाय, अक्षता टाका. त्या दिवसापासून ऐकायलेव."

सर शेजारी बसून मुकाट जेवत होते. "अक्षता टाकल्या का न्हाई?" एवढंच ते म्हणाले.

आता हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला त्या शब्दाचा राग यायचा. माझ्या एम.एस्सी.चा प्रबंध गावविहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर होता. दीड वर्ष मी त्यावर घातलं होतं. मोठ्या हौसेनं मी तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी चार पानं चाळली.

"यातल्या किती विहिरी तू बघितल्यास?"

"नमुने दुसरं कुणी आणून द्यायचं, सर. मी प्रयोगशाळेत तपासायचे."

"म्हंजे एक बी न्हाई."

"नाही."

"मग ओन्ली अ‍ॅकॅडमिक," असं म्हणून त्यांनी प्रबंध माझ्याकडं सरकवला. मी त्या दिवशी भांडी धुण्याच्या मोरीपाशी उभी राहून रडले. घरी उदगीरला वडिलांना फोन केला, म्हटलं, मी परत यायलेय. वडील म्हणाले, महिना काढ, मग बघू. तो महिना मी काढला, कारण त्याच महिन्यात सरांनी मला पहिल्यांदा मोपेडवर मागं बसवलं.

त्यांची एक रीत होती. ती ऑफिसच्या कुठल्याच नियमात बसत नव्हती. पाणी पिण्याजोगं नाही असा रिपोर्ट तयार झाला की आमचं काम कागदोपत्री संपायचं. तो पंचायतीकडं जायचा, पुढं कुणी वाचायचं, कुणी नाही. सर मात्र रिपोर्टची एक नक्कल खिशात घालायचे, लाल रंगाचा डबा आणि ब्रश मोपेडच्या हुकाला अडकवायचे आणि शनिवारी दुपारी त्या गावाला जायचे. हातपंप शोधायचे आणि त्याच्या तोंडाला लाल रंग द्यायचे. तिथं जी बाई पाणी भरत असेल तिला सांगायचे, "अक्का, ह्याचं पाणी धुण्याभांड्याला घ्या. पिऊ नका, लेकरांना तर बिलकुल देऊ नका." मग दुसरं चांगलं पाणी किती लांब आहे ते स्वतः चालत जाऊन बघायचे आणि पावलं दखनीत मोजायचे.

लोक नेहमी खूश व्हायचेच असं नाही. एका गावात एका म्हाताऱ्यानं त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला, कारण पंप त्याच्या दारात होता आणि लाल रंगानं घराची अब्रू जात होती. सर त्याच्या ओट्यावर तासभर बसले, त्याच्याशी कन्नडमध्ये पिकापाण्याचं बोलले आणि शेवटी त्याच म्हाताऱ्याकडून रंग देऊन घेतला.

ज्या शनिवारचं मला सांगायचंय तो उन्हाळ्यातला होता. गाव लहान, पन्नासेक घरांचं. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या एका हातपंपाच्या पाण्यात नायट्रेट भरमसाठ निघालं होतं. कारण गेल्याबरोबर दिसलं. पंपाच्या वरच्या अंगाला जुना गोठा, शेणाचे उकिरडे, सगळं पिढ्यान्‌पिढ्या मुरत आलेलं. सर रंग द्यायला वाकले. मी डबा धरून उभी होते. तेवढ्यात एक आज्जी लहानसं पितळी पातेलं घेऊन आली आणि लाल रंग बघून थबकली.

"ह्ये काय करायलाव?"

सरांनी नेहमीचं सांगितलं. आज्जी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी उकळून घेते की. लेकराच्या दुधाला लागतंय. सून कावीळ होऊन बीदरच्या दवाखान्यात पडलीय, अंगावरचं दूध बंद झालंय. दोन महिन्यांचं लेकरू माझ्याच जवळ हाय. डब्यातल्या पावडरीचं दूध करते. पाणी दोन-दोन डाव उकळते, चांगलं आटवते."

"लेकरू बरं हाय ना?" सरांनी सहज विचारलं.

"कुठलं बरं. ओठ निळे पडायलेत, नखं बी. परवा डाक्टरला दाखवलं. काळजाला छिद्र असंल म्हणले, हैदराबादला न्या म्हणले. सोमवारी माझा ल्योक नेणार हाय."

सर हळहळले. दुसऱ्या पंपावरून पाणी आणा असं त्यांनी तिला बजावलं आणि आम्ही निघालो.

मी मागं बसून मनात जुळवत होते. निळे ओठ, निळी नखं, दोन महिन्यांचं बाळ, वरचं दूध, नायट्रेटचं पाणी. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात हे सगळं होतं. असं पाणी लहान बाळाच्या पोटात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते आणि बाळ निळं पडतं. मोठ्या माणसाला काही होत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि पाणी उकळून आटवलं तर नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. ती आज्जी इतक्या काळजीनं जे करत होती त्यानंच ते वाढत होतं. हे मला तिच्यासमोर उभी असतानाच सुचलं होतं आणि मी डबा धरून गप्प राहिले होते.

दोनेक किलोमीटर गेल्यावर मी ते सरांच्या पाठीला सांगितलं. वाऱ्यात त्यांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी मोपेड रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि मागं वळले.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"मग मघाशी कामून बोलली न्हाईस?"

"सर, मी डॉक्टर नाही. आयुष्यात असं एकही बाळ बघितलेलं नाही. पुस्तकात वाचलंय फक्त. चुकलं तर?"

"चुकलं तर ती बाई आपल्याला चार शिव्या देईल," सर म्हणाले. "बरोबर असलं आणि तू बोलली न्हाईस, तर?"

मी मागच्या सीटवरून खाली उतरले.

"एवढं शिकलीस ते डोक्यात कुलूप लावून ठिवायला का? असं ठिवलं तर अ‍ॅकॅडमिक होतंय, अक्का. तिला जाऊन सांगितलं तर न्हाई. चल माघारी."

गावात परतून आम्ही आज्जीचं घर विचारत गेलो. बाळ झोळीत होतं. रडत नव्हतं, नुसतं बघत होतं. ओठांचा रंग मी विसरणार नाही, पिकत आलेल्या जांभळासारखा. मला वाटलं, सर सांगतील. सर दाराबाहेर चप्पल काढत थांबले आणि मला पुढं केलं. मी आज्जीला जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हंजे मीच घातलं व्हय लेकराला?" मी म्हटलं, "नाही आज्जी, तुम्ही उकळलं ते चांगल्यासाठीच. पाण्यात काय आहे ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही." अर्ध्या तासापूर्वी न सांगणाऱ्यांत मीही होते.

सोमवारपर्यंत थांबायचं नव्हतं. आज्जीचा मुलगा शेतात होता, त्याला बोलावणं गेलं. गावातली एक जीप मिळाली. आम्ही बाळाला घेऊन बीदरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आधी प्राणवायू लावला, पण बाळाचा रंग पालटेना. त्या हृदयाच्या तपासणीचं बोलू लागल्या. सर माझ्याकडं बघत राहिले. मग मी पुढं झाले आणि म्हटलं, "मॅडम, मी पाणी तपासणारी आहे, डॉक्टर नाही. पण या बाळाच्या दुधातलं पाणी आम्ही तपासलंय." सरांनी खिशातली रिपोर्टची नक्कल काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी आकडा वाचला. मग बाळाच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घेतला आणि शेजारी स्वतःच्या बोटाचा घेतला. त्यांचा लाल होता. बाळाचा चॉकलेटसारखा तपकिरी होता आणि हवेत ठेवला तरी तसाच राहिला. त्या उठल्या आणि जवळजवळ धावतच औषधांच्या खोलीकडं गेल्या. त्यावरचं इंजेक्शन असतं, निळ्या रंगाचं. ते रोज लागणारं नव्हे, त्यामुळं शोधाशोध झाली, पण सापडलं. ते हळूहळू शिरेतून दिलं. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. तासाभरानं आज्जी बाहेर आली. तिनं फक्त आपल्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मी आत जाऊन बघितलं. बाळाचे ओठ गुलाबी झाले होते आणि ते भुकेनं कळवळून रडत होतं.

जीपनं गावात परतलो, तिथनं मोपेडवर येताना सर नेहमीपेक्षा हळू चालवत होते. एका चहाच्या टपरीवर थांबले. तिथं त्यांनी मला त्या शब्दाची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती.

नोकरीला लागून त्यांना दोन वर्षं झाली होती. एका गावच्या शाळामास्तरांनी स्वतः बाटलीत पाणी भरून आणून दिलं, म्हणाले, बघा हो, गावात पोटं बिघडायलीत. सरांनी तपासलं. पाणी वाईट होतं. त्यांनी सविस्तर रिपोर्ट लिहिला, विहीर बंद करावी असं सुचवलं आणि वर पाठवला. पंधरा दिवसांनी फाईल परत आली. कडेला कुणा साहेबानं इंग्रजीत शेरा मारला होता, ऑफ अ‍ॅकॅडमिक इंटरेस्ट ओन्ली. "मला अर्थ कळंना," सर म्हणाले. "डिक्शनरीत बघितलो. नुसतं अभ्यासापुरतं, असा अर्थ निघाला. तवर त्या गावात पटकी लागलती. मास्तर त्यातच गेले."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तालुक्यापासून गाव नऊ मैल. माझ्याजवळ सायकल होती. मी जाऊन सांगू शकलो असतो. रिपोर्ट लिहिला, मला वाटलं, झालं काम. त्या साहेबानं शेरा मारला ते मारला. पण तो रिपोर्ट अ‍ॅकॅडमिक केला कुणी? मीच केलो."

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की तो शब्द ते दुसऱ्याला टोचायला वापरतात.

या प्रकरणाला एक शेपूट आहे. त्या लाल पंपाची कुणीतरी तक्रार केली. परवानगीशिवाय सरकारी मालमत्ता विद्रूप का केली, खुलासा द्या, असं पत्र सरांना आलं. मी म्हटलं, "सर, बाळाचं लिहा. कुणाची टाप नाही बोलायची." मी मसुदाही करून दिला, दोन पानी. त्यांनी तो वाचला आणि घडी घालून मला परत दिला. "त्या लेकराला फायलीत कामून घालायलीस? उद्या कुणी बी जाऊन त्या म्हातारीला इचारंल, तू काय पाजलीस म्हून." मग स्वतः एका ओळीचा खुलासा लिहिला. रंग मी दिला आहे, पाणी चांगलं झालं की मीच खरडून काढीन. त्यावर पुढं काहीच आलं नाही. पंप वर्षभर लाल राहिला. मग गावात दुसऱ्या बाजूला नवी बोअर झाली आणि तो पंपच काढून टाकला.

त्यांनी माझा प्रबंध मात्र मागून घेतला. घरी नेला आणि तीन आठवडे ठेवला. परत दिला तेव्हा समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात गावांची नावं होती. मी जिथं 'नमुना क्रमांक अमुक' लिहिलं होतं, तशाच खडकाच्या, तशाच उताराच्या आमच्या तालुक्यातल्या विहिरी कुठं आहेत ते त्यांनी पानोपान लिहिलं होतं. पुढची तीन वर्षं आम्ही शनिवारी त्या विहिरी बघत हिंडलो. मी माझी स्कूटर घेतली होती. ते पुढं, मी मागं. बाळं असलेल्या घरांत मी जायची. आता ते सगळं आठवलं की वाटतं, मी एम.एस्सी. केली ती विद्यापीठात, पण शिकले ती वीस-बावीस गावांच्या पंपांवर उभी राहून.

त्यांच्या निवृत्तीचा समारंभ खालच्या हॉलमध्ये होता. दुपारी त्यांनी माझ्याकडं चार्ज दिला, कागदांवर सह्या झाल्या, मग हार, शाल, भाषणं सुरू झाली. सर खुर्चीत अवघडून बसले होते. बोलणारे अधिकारी त्यांच्या सेवेविषयी बोलत होते आणि त्या अधिकाऱ्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात हॉलच्या दारात ती आज्जी दिसली. तिच्या हाताला धरून तीच झोळीतली नात, आता चार वर्षांची झालेली, उभी होती, केसांना दोन रिबिनी बांधलेली. कार्यक्रमाचं आज्जीला ठाऊकच नव्हतं. तिच्या पिशवीत पाण्यानं भरलेली बाटली होती. सुनेला पुन्हा दिवस गेल्यापासून नव्या बोअरच्या पाण्यावर तिचा विश्वास बसत नव्हता. ते बघून द्या म्हणून ती दोन बस बदलून आली होती.

सरांनी तिला बघितलं, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि भाषण चालू असताना उठून चालू लागले. मी त्यांच्यामागं गेले. वर प्रयोगशाळेत त्यांनी शाल खुंटीला अडकवली, बाह्या वर केल्या आणि नायट्रेटची तपासणी लावली. पोरगी स्टुलावर चढून बघत होती. अर्ध्या-पाऊण तासात आकडा आला. पाणी चांगलं होतं. त्यांनी रिपोर्टचा कागद भरला आणि माझ्यापुढं सरकवला.

"सही कर."

"सर, तुम्हीच करा ना. आजचा दिवस तरी तुमचा आहे."

"चार्ज दुपारीच दिलो. आता माझ्या सहीला कोण इचारणार हाय?"

मी सही केली. रिपोर्टवरची ती माझी पहिली सही. आज्जीनं कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि सरांपुढं धरला. "सर, काय लिवलाव ते सांगा की."

"सही तिची हाय अक्का, तिलाच इचारा," सर म्हणाले आणि नळाखाली हात धुवायला वळले.

मी आज्जीच्या शेजारी खाली बसले. हे पाणी बाळाच्या दुधाला चालेल, सुनेनं पोटभर प्यावं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एक बाटली आणून द्या, कारण बोअरचं पाणी वर्षाला बदलतं, असं सगळं मी तिला सांगितलं. तिला नीट कळलं की नाही म्हणून पुन्हा विचारलं. तिनं माझेच शब्द मला म्हणून दाखवले. खाली हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. सर हात पुसत खिडकीपाशी उभे होते, आणि मी बोलत होते तितका वेळ ते एकदाही मधे बोलले नाहीत.